डॉ. अब्दुल्ला अब्दुल्ला : मुत्सद्दी की कचखाऊ?

रानवाटा :
अफगाणिस्तानचे राजकारणी, काबूलच्या डॉ. अब्दुल्लांना 'कायमचे उपविजेते' म्हणून निकालात काढलं जातं. मला ते पटत नाही. डोळ्यांचा हा डॉक्टर १९८०च्या दशकात पंजशीर खोऱ्यात, सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अहमद शाह मसूदकडे गेला आणि पुढे परदेशात त्याची बाजू मांडू लागला. २००१ मध्ये मसूदची हत्या झाली, तालिबान पडलं, नव्या सरकारसाठी जर्मनीत बॉनला वाटाघाटी झाल्या आणि हे परराष्ट्रमंत्री झाले.

पण माणूस कळतो तो २०१४च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत. पहिल्या फेरीत ४५ टक्के मतं घेऊन हे पुढे, दुसऱ्या फेरीत अचानक प्रतिस्पर्धी अश्रफ घनी पुढे. समर्थक इतके खवळले की भर सभेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष करझाईंची तसबीर उतरवून त्यांनी यांची लावली. आपलं सरकार आत्ताच जाहीर करा, म्हणाले. तेव्हा होकार दिला असता तर १९९२ नंतरचं, यादवीतलं काबूल पुन्हा दिसलं असतं. यांनी लोकांना थांबवलं.

तिरपागडे :
थांबवलं खरं, पण ओबामांचा फोन आला होता, ते सोयीस्कर गाळलंत! मग अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी आले, ८० लाखांवर मतांची फेरतपासणी झाली, आणि घनींना विजेता जाहीर करताना निवडणूक आयोगाने आकडेच सांगितले नाहीत. त्याच निवडणुकीत मत दिलं म्हणून हेरातमध्ये म्हाताऱ्या माणसांची शाई लागलेली बोटं तालिबानने छाटली होती. आणि ह्यांनी बंद खोलीत खुर्च्या वाटून घेतल्या. याला समजूतदारपणा म्हणायचं?

पैलतीर :
तिरपागडे, खुर्ची तरी कसली? 'मुख्य कार्यकारी अधिकारी'! कंपनीत शोभेल असं पद, राज्यघटनेत त्याला जागाच नव्हती. दोन वर्षांत लोया जिरगा, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची महासभा, बोलावून पंतप्रधानपद निर्माण करायचं ठरलं होतं. ती जिरगा भरलीच नाही. शब्द मोडला गेला तो यांच्या बाबतीत.

तिरपागडे :
मग राजीनामा का नाही दिला? २००९ मध्ये करझाईंविरुद्धच्या दुसऱ्या फेरीतून बाहेर पडले, कारण निवडणूक स्वच्छ होणार नाही म्हणून. ते मला मान्य आहे. तोच माणूस पुढे त्याच यंत्रणेत मुकाट्याने पाच वर्षं काढतो!

रानवाटा :
मुकाट्याने नाही हो. २०१६ मध्ये घनींवर जाहीर तोफ डागली होती. आणि बाहेर पडून करणार काय? वडील कंदाहारचे पश्तून असूनही लोक यांना पंजशीरचे ताजिक म्हणूनच मोजत. यांनी सरकार सोडलं असतं तर तो ताजिकांचा बहिष्कार ठरला असता. ही जोखीम पुण्या-मुंबईत बसून कळत नाही, मलाही पूर्ण कळत नसेल.

गुळवेल :
माझं दुखणं वेगळं आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका-तालिबान करार झाला. काबूल सरकारला त्यात स्थानच नव्हतं. त्यानंतर नऊ दिवसांनी, ९ मार्चला, २०१९च्या निवडणुकीच्या निकालावरून वाद होऊन काबूलमध्ये एकाच वेळी दोन राष्ट्राध्यक्षांचे शपथविधी! घनींचा एक, यांचा दुसरा. अमेरिकेने वैतागून १ अब्ज डॉलरची मदत कापत असल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात पुन्हा वाटणी झाली आणि यांना राष्ट्रीय समेट परिषदेचं अध्यक्षपद मिळालं. समोर तालिबान एकजुटीने बसलेलं आणि यांना आपसात समेट करायलाच दोन महिने लागले.

रानवाटा :
त्या शपथविधीचं समर्थन कोणीच करणार नाही. पण १५ ऑगस्ट २०२१ ला घनी देश सोडून गेले, हे तालिबानच्या ताब्यातल्या काबूलमध्ये थांबले. विमान यांनाही मिळालं असतं.

तिरपागडे :
थांबले, करझाईंबरोबर तालिबानच्या नेत्यांना भेटले, सर्वसमावेशक सरकारची मागणी केली. सप्टेंबरमध्ये सरकार जाहीर झालं त्यात तालिबानबाहेरचं कोणी नव्हतं, एकही बाई नव्हती. धैर्य मी नाकारत नाही. पण मुत्सद्द्याला हातात काहीतरी वजन लागतं, आणि ते २०१४ पासून यांनी स्वतःच थोडं थोडं विकलं.

पैलतीर :
विकलं नाही, काढून घेतलं. त्या लोया जिरगेबद्दल तुम्ही अजून काहीच बोललेला नाहीत.