गर्भारपणात डोक्यावर ओझं घेतल्याने बाळाचा मेंदू सपाट राहतो का?

सातपुड्याचा_मामा (चोपडा):
भाचा नऊ महिन्यांचा आहे. मान धरत नाही, झटके येतात. एमआरआयमध्ये 'लिसेन्सेफली' निघालं. मेंदूला वळ्या जवळजवळ नाहीत, मागच्या बाजूला जास्तच सपाट. डॉक्टर म्हणाले, पेशी त्यांच्या जागेपर्यंत पोचल्याच नाहीत. बहीण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कापूस वेचायला जायची, गाठोडं डोक्यावर घेऊन बांधाने यायची. सासरचे म्हणतात, त्या ओझ्यानेच पेशी दबल्या. तिने जेवण टाकलंय. पेशी सरकायला जोर लागतो असं मीही वाचलं. मग बाहेरचं ओझं त्यांना बाधतं का?

अनाटॉमीवाली_ताई (धुळे):
नाही, भाऊ. गाठोड्याचा यात काडीचाही संबंध नाही. हे तिला आत्ता फोन करून सांगा, पुढचं नंतर वाचा.

मेंदूच्या पेशी जन्मतात आत, पोकळीच्या कडेला. तिथून बाहेरच्या थरापर्यंत उभ्या आधार-पेशींना धरून त्या वर चढतात. पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात हे दाखवलं. आधी आलेल्या खाली बसतात, मागून येणाऱ्या त्यांना ओलांडून वर जातात.

आता जोर कुठला? पेशी पुढे लांब टोक काढते. केंद्रकाच्या पुढे त्या टोकाला फुगवटा येतो, सेंट्रोसोम (पेशीतल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे बारीक नळ्या, जिथे एकत्र येतात तो ठिपका) त्यात सरकतो, आणि डायनीन नावाचं प्रथिन त्या सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाला ओढून घेतं, बैलांनी विहिरीतून मोट ओढावी तसं. मागून मायोसिन हे दुसरं प्रथिन आवळतं. केंद्रक झटक्यात पुढे येतं, थांबतं, पुन्हा पुढे येतं. वेग तासाला मिलिमीटरचे काही शतांश. या डायनीनला ओढायला बळ देतं 'लिस-१' नावाच्या जनुकाचं प्रथिन. ते निम्मंच तयार झालं की ओढ कमी पडते आणि पेशी अर्ध्या वाटेत राहतात. मग बाहेरचा थर दोन-चार मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरभर किंवा त्याहून जाड होतो आणि त्याला वळ्या पडत नाहीत.

बीएस्सी_अमळनेर:
ताई, पण पेशीला दाब कळतो ना? दाब ओळखणाऱ्या पीझो वाहिन्यांच्या शोधासाठी अर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालंय.

अनाटॉमीवाली_ताई (धुळे):
कळतो, पण अगदी शेजारचा. बेडकाच्या गर्भात डोळ्याकडून मेंदूत जाणारे चेतातंतू मऊ ऊतीकडे वळतात आणि पीझो-१ काढून टाकलं की वाट चुकतात, हे २०१६ चं काम. तिथे तंतू वाढतात, अख्खी पेशी चालत नाही, एवढा फरक ध्यानात ठेव. प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी वासाच्या केंद्राकडे जातात, त्यांची दिशा ठरायला मेंदूतल्या पाण्याच्या प्रवाहाचा हातभार लागतो, हे २००६ मध्ये दिसलं. ही सगळी बलं मेंदूच्या आतली, तिथल्या तिथली. गाठोड्याचं वजन आईच्या मानेतून, मणक्यातून, पायांतून जमिनीत उतरतं. बाळ गर्भजलात असतं, तिथे दाब बदलला तरी सगळ्या बाजूंनी सारखाच. एखादी पेशी खाली रेटावी असा एकतर्फी जोर त्यातून लागत नाही.

फिजिओ_भुसावळ:
मामा, झटका आला की मोबाईलवर व्हिडिओ काढा, मेंदूच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. बाळाला आडवं ठेवून भरवू नका, ठसका लागून अन्न छातीत जातं. मान-पाठ धरून, टेकवून बसवा.

सातपुड्याचा_मामा:
ताई, बहिणीला वाचून दाखवलं. दाजीपण ऐकत होते. आता विचारतात, पुढच्या बाळाचं काय?

अनाटॉमीवाली_ताई (धुळे):
त्यासाठी बाळाची जनुकीय तपासणी हवीच. मागची बाजू जास्त सपाट असली की संशय 'लिस-१' वर जातो, पुढची असली की 'डीसीएक्स' या दुसऱ्या जनुकावर. 'लिस-१' मधला दोष बहुतेक वेळा बाळातच नव्याने आलेला असतो, आईबापांत नसतो. 'डीसीएक्स' एक्स गुणसूत्रावर असतं, ते आईकडून येऊ शकतं, आणि तिला स्वतःला कधीकधी काही जाणवलेलंही नसतं. म्हणून बाळाबरोबर दोघांचं रक्त द्या, पुन्हा दिवस जाण्याआधी जनुकीय सल्लागाराला भेटा. रिपोर्ट कळला नाही तर नाव-पत्ता झाकून इथे टाका, मी ओळीओळीने सांगते.