इंग्रजी ‘टॉइल’ला (toil) मराठीत नेमकं काय म्हणायचं?

कोशात ‘टॉइल’समोर ‘परिश्रम’, ‘कष्ट’ असं दिलेलं असतं. चूक नाही, पण पुरतं नाही. बीडकडं शिकवत असताना मी फळ्यावर ‘परिश्रम’ लिहिलं, तर ऊसतोडीहून आलेली एक मुलगी म्हणाली, “सर, परिश्रम केल्यावर नंबर येतो. माय तर नुसती राबती.” तिची आई मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायची, रिकामी उतरायची, परत मोळी. परिश्रमाच्या पोटात फळाची आशा असते. टॉइलमध्ये जीव शिणतो एवढंच पक्कं.

शब्दाचं मूळही तसंच. लॅटिनमध्ये ‘टुडिक्युला’ म्हणजे ऑलिव्हची फळं चेचायचं लहान यंत्र. त्यावरून ढवळण्या-घुसळण्याचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं. तिथं आधी वाद, झटापट असा अर्थ होता. अंग मोडणारं काम हा अर्थ नंतरचा. टुडिक्युलाच्या मागं ‘टुंडेरे’, म्हणजे ठोकणं. संस्कृत ‘तुद्’ धातू त्याचाच भाऊबंद; आयुर्वेदात टोचल्यासारख्या दुखण्याला ‘तोद’ म्हणतात, तो ह्याच धातूचा.

आता करडईचा लाकडी घाणा आठवा. लाट, म्हणजे घाण्यातलं जाड लाकूड, फिरते, दाणा चेचला जातो, तेल निथळतं आणि खाली कोरडी पेंड उरते. आपली भाषाही माणसाबद्दल हेच बोलते: तो कामानं पिचला, घाण्याला जुंपला, पिट्टा पडला. ‘पिट्टा’त पिटणं आहेच. म्हणून मला ‘पिट्टा पडणे’ हा टॉइलला सगळ्यात जवळचा वाटतो, आणि साधं क्रियापद हवं असेल तर ‘राबणे’.

‘खस्ता खाणे’ही चालेल. फारसीत ‘खस्ता’ म्हणजे घायाळ, थकलेला. आणि आपण रानाची जी ‘मशागत’ करतो, ती अरबी ‘मशक्कत’, म्हणजे हालअपेष्टा, कष्ट. नांगरट, वखरणी, पाळी या सगळ्यांना मिळून आपण जे नाव दिलं, त्याचाच अर्थ टॉइल! हे कळल्यापासून मला तो शब्द सहज उच्चारता येत नाही.

‘टॉइल्स’ म्हणजे जाळं, सापळा, तो शब्द मात्र वेगळा. त्याचं मूळ लॅटिन ‘टेला’, म्हणजे विणलेलं कापड. दोन्हींची गल्लत करू नये.