‘डर्टी पेज’ला मराठीत काय म्हणावं?

लिनक्स कर्नलवरचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावरचं) एक मराठी टिपण तपासतोय. डर्टी पेज म्हणजे मेमरीतलं असं पान (ठरावीक आकाराचा तुकडा), ज्यातला बदल अजून डिस्कवर उतरलेला नाही. टिपणात त्याला सगळीकडे ‘गलिच्छ पान’ म्हटलंय. वाचणाऱ्याला वाटेल, मेमरीच खराब झाली. बरा शब्द आहे का?

— ‘गलिच्छ’ आधी काढा. ताजा मजकूर त्याच पानात असतो, शिळी असते ती डिस्कवरची प्रत. मी सरळ ‘बदललेलं पान’ लिहितो.

— ‘बदललेलं’ अपुरं पडतं. बदल डिस्कवर उतरला तरी पान बदललेलंच, पण मग ते डर्टी नसतं. रोजकीर्दीत नोंद झाली, खतावणी बाकी आहे, अशी ती अवस्था. माझं मत ‘न खतावलेलं पान’. राइटबॅकला, म्हणजे पानातला बदल डिस्कवर लिहिण्याला, ‘खतावणी’ आयतंच मिळतं.

— शब्द झकास, पण एक पाचर मारतो. डर्टीची खूण कर्नल लिहून झाल्यावर पुसत नाही, डिस्कवर पाठवण्याआधीच पुसतो. एमएमॅप केलेल्या (प्रोग्रॅमच्या मेमरीत थेट जोडलेल्या) सामायिक फाइलचं पान असेल, तर त्याच वेळी त्यावर लिहायची परवानगीही काढून घेतो. खूण शेवटी पुसली असती आणि मध्येच प्रोग्रॅमने त्या पानात आणखी काही घातलं असतं, तर तो बदल कायमचा हुकला असता. आता प्रोग्रॅम पानात लिहायला गेला की पेज फॉल्ट होतो, म्हणजे काम अडून कर्नलकडे जातं, आणि कर्नल पुन्हा खूण करतो. मधल्या वेळेसाठी ‘राइटबॅक’ ही वेगळी खूण आहे. म्हणजे डर्टी नाही आणि खतावणीही पुरी नाही, असं पान असतंच.

— प्रॉक-मेमइन्फोमध्ये (मेमरीचे आकडे दाखवणाऱ्या लिनक्सच्या फाइलमध्ये) डर्टी आणि राइटबॅक अशा दोन ओळी आहेत त्या त्यामुळेच. मोठी फाइल कॉपी करून बघा, डर्टीचा आकडा चढतो. सिंक (सगळं डिस्कवर उतरवायची आज्ञा) दिलं की उतरतो. (न दिलं तरी मूळ सेटिंगनुसार फ्लशर (डर्टी पानं डिस्कवर लिहिणारा कर्नलचा भाग) दर 5 सेकंदांनी उठतो आणि 30 सेकंदांहून जुनं डर्टी पान उचलतो.)

— मग ‘क्लीन’ला, म्हणजे डर्टीची खूण नसलेल्या पानाला, ‘खतावलेलं’ म्हणू का?

— ते नको. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना 2018 साली हेच नडल्याचं ध्यानात आलं. डिस्कवर लिहिणं फसलं तरी लिनक्स पानाला क्लीनच धरायचा. पहिल्या एफसिंकला (एकेक फाइल डिस्कवर उतरवायच्या आज्ञेला) एरर आली, दुसऱ्याला ‘झालं’ असं उत्तर. मजकूर मात्र डिस्कवर गेलेलाच नव्हता. तेव्हापासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस मुद्दाम बंद पडतो आणि बदलांच्या लॉगवरून (नोंदवहीवरून) डेटा पुन्हा उभा करतो. ‘क्लीन’ला ‘बिनखुणेचं’ म्हणा, नाहीतर ‘क्लीन’च राहू द्या.