हॉलमधला मनी प्लांट पिवळा पडतोय: सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-३०४: नमस्कार मंडळी. आमच्या हॉलमधल्या मनी प्लांटची पानं पिवळी पडायला लागली आहेत. आधी अगदी खालची पडली, आता अर्ध्या वेलापर्यंत आलंय. पाणी चुकवत नाही, रोज घालते. गणपतीला सगळे घरी येणार, त्याआधी झाड सावरायला हवं. फोटो टाकलाय, कुणीतरी बघा ना.

ए-२०१: वहिनी, उकळलेल्या चहाचा चोथा घाला. आमच्या गुलाबाला चांगला लागू पडतो.

सी-१०३: पिवळं पडलं म्हणजे नत्र कमी. चिमूटभर युरिया टाका, आठ दिवसांत हिरवंगार.

ए-१०२: भर पावसात झाडाक रोज पाणी कित्याक घालतंस गो बाय? आधी ता बंद कर.

बी-३०४: आजोबा, झाड घरात आहे हो. पावसाचा थेंब लागत नाही त्याला.

सी-४०२: थांबा, चोथा आणि युरिया दोन्ही राहू देत. आधी तीन गोष्टी सांग. कुंडीला खाली भोक आहे का? बोट दोन पेरं मातीत खुपसलंस तर माती कशी लागते? आणि कुंडीला वास येतो का?

बी-३०४: पांढरी चिनी मातीची कुंडी आहे काकू, भोक नाही. बोटाला चिखल लागला. वास... हो, गटारासारखा येतोय थोडा. आणि झाड मलूल दिसतंय, म्हणून तर पाणी वाढवलं होतं.

सी-४०२: मग निदान झालं. मुळं कुजतायत. सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात निम्म्या घरांत हेच होतं आणि झाडं हकनाक मरतात.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून कुंडीत चिखल असूनही झाड तहानलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हवा इतकी दमट की पानांतून पाणी फारसं उडत नाही, आणि आभाळ भरलेलं म्हणून ऊनही नाही. झाड घरात असलं तरी हवा तीच. उन्हाळ्यात जी कुंडी दोन दिवसांत सुकायची ती आता आठवडाभर ओली राहते. आजोबा म्हणाले ते अगदी बरोबर आहे.

वाडीतल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. सुपारीला पावसात कोळेरोग येतो, फळांची गळ होते, म्हणून पाऊस लागायच्या आधी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारतात. तो रोग फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीचा. कुंडीतली मुळं कुजवणाऱ्यांत तिचीच भावंडं असतात, आणि सगळ्यांना साचलेलं पाणी आवडतं.

सी-१०३: पण काकू, नत्र कमी असलं तरी खालचीच पानं पिवळी होतात ना?

सी-४०२: होतात, तुझं म्हणणं खरं आहे. नत्र झाडात फिरतं, कमी पडलं की जुन्या पानातून काढून नव्याला दिलं जातं. पण तेव्हा पिवळेपणा सावकाश येतो, सबंध पान एकसारखं फिकं होतं, वाढ खुंटते आणि माती व्यवस्थित असते. इथे चिखल आहे, वास आहे. कुजलेल्या मुळांवर युरिया म्हणजे जखमेवर मीठ. ती मुळं तो घेऊ शकत नाहीत, उलट होरपळतात. चोथ्याचंही तेच. गुलाब बाहेर उन्हात आहे म्हणून चालतं. घरातल्या ओल्या मातीत चोथा सडतो आणि चिलटं होतात.

ए-३०३: काकू, माझं उलटं आहे. जुनी पानं हिरवी, नवी येतात तीच पिवळी. शिरा मात्र हिरव्या.

सी-४०२: ती लोहाची कमतरता. लोह जुन्या पानातून नव्याकडे जात नाही, म्हणून कोवळ्या पानावर दिसते. कुंडीत कुठली माती घातलीस?

ए-३०३: लाल मातीच. निचरा व्हावा म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू मिसळली.

सी-४०२: तीच काढ. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, शिवाय शिंपल्यांचा चुना. चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मग मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. आपली जांभ्याची माती लोहाने लाल झालेली, आणि झाड त्यातच उपाशी! नदीची जाड वाळू वापर.

बी-१०१: आमच्या अरेका पामची टोकं करपलीत. गॅलरी समुद्राकडे आहे.

सी-४०२: खारा वारा. पानं साध्या पाण्याने पुसून घे आणि कुंडी आत सरकव. उन्हाळ्यात बोअरचं पाणी मचूळ होतं, तेव्हाही असंच करपतं. पानामागे बारीक जाळी किंवा कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का तेही बघ. असतील तर कोळी किंवा पिठ्या ढेकूण नावाची कीड. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवार.

बी-३०४: काकू, माझ्या मनी प्लांटचं काय? वाचेल ना?

सी-४०२: वाचेल. मनी प्लांट चिवट असतो. झाड कुंडीतून काढ, मुळं नळाखाली धू. पांढरी, कडक ती चांगली. तपकिरी, बोटात चिरडणारी ती सगळी काप, कात्री गरम पाण्याने धुऊन घे. जुनी माती परत वापरू नकोस. नवीन मिश्रणात कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू समान घे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून पिळून काढ, त्यातही क्षार असतात. कुंडी भोकाची, आणि उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच. मोठ्या कुंडीत ओल जास्त टिकते. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिळते, ती मातीत मिसळली तर चांगलंच.

पांढरी कुंडी टाकू नकोस. प्लास्टिकची भोकाची कुंडी तिच्यात ठेव, पाणी घालताना बाहेर काढ, निथळली की परत.

बी-३०४: आणि पिवळी पानं परत हिरवी होतील?

सी-४०२: नाही. पूर्ण पिवळी झालेली खुडून टाक. सुधारलं की नाही ते नव्या पानावरून कळेल, आणि ते येईपर्यंत खत नाही. पाणी वार बघून घालायचं नाही, बोट घालून बघायचं. वरची दोन पेरं कोरडी लागली तरच. खिडकीजवळ ठेव, उजेड हवा.

ए-१०२: येलाचे चार तुकडे काढून पाण्यात ठेव गो. मूळ नाय वाचला तरी झाड जाणा नाय.

सी-४०२: आजोबांनी खरं सुचवलं. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर, म्हणजे वेलावर पान फुटतं ती गाठ, हवं, मुळं तिथूनच फुटतात. पेर पाण्यात, पान बाहेर, आणि पाणी दर आठवड्याला बदल.

ए-२०१: वहिनी, तुकडे खाली ठेवू नका, तुमचं बाळ रांगतंय. मनी प्लांट चघळला तर तोंडाची आग होते.

सी-४०२: बरोबर, मांजरांनाही बाधतो. उंचावर ठेव. वाळू माझ्याकडे आहे, उद्या सकाळी गच्चीवर कुंडी घेऊन ये. खाली पसरायला जुना पेपर आण, पाऊस असला तर पाण्याच्या टाकीखालच्या शेडमध्ये बसू.