मदत हवी आहे: छोट्या कॉलेजच्या किकरला दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या प्रो डेला उतरता येतं का?

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे. प्रो डे म्हणजे युनिव्हर्सिटीत एनएफएल (व्यावसायिक लीग) संघांच्या स्काउटसमोर, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांसमोर, होणारी चाचणी. भाचा ओहायोत डिव्हिजन ३ (छोट्या कॉलेजांचा गट) कॉलेजकडून किकर (चेंडूला लाथ मारणारा खेळाडू) म्हणून खेळतो, शेवटचं वर्ष. इंडियानापोलिसच्या एनएफएल कम्बाइनला (सगळ्या संघांसमोरच्या एकत्र चाचणीला) देशभरातून तीनशेच्या आसपास मुलं बोलावतात, त्यात तो नाही. सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याचंही आमंत्रण नाही. त्याच्या कॉलेजात प्रो डे होतच नाही, म्हणजे स्काउटसमोर उभं राहायची जागाच नाही. पोराचा पाय खरंच जबरदस्त आहे, म्हणून जीव तुटतो.

व्हिडिओ तयार आहे: न कापलेला, मागून आणि बाजूने घेतलेला, हुकलेल्या किकसकट. किकऑफला (खेळ सुरू करणाऱ्या किकला) चेंडू हवेत किती सेकंद राहतो तेही स्क्रीनवर दिसतं. कोचने जवळच्या मोठ्या युनिव्हर्सिटीला ईमेल केला, उत्तर नाही. पैसे भरून जायचे शोकेस कॅम्प कृपया सुचवू नका, ते आता परवडणार नाहीत. एजंट नाही. प्रो डे बहुतेक मार्चमध्ये उरकतात आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट (एनएफएल संघांची नव्या खेळाडूंची निवड), त्यामुळे घाई आहे. ड्राफ्टमध्ये नाव येईल अशी अपेक्षा नाही. नंतर एखाद्या संघाने चाचणीला बोलावलं तरी पुरे.

कॉलेज ओहायोत, घर मिशिगनमध्ये. घराजवळच्या युनिव्हर्सिटीच्या प्रो डेला स्थानिक खेळाडू म्हणून घेतात असं ऐकलंय. कुणाच्या मुलाने हे केलंय का? विनंती नेमकी कुणाकडे करायची, तिथल्या कोचिंग स्टाफमधल्या कुणाकडे की थेट एनएफएल संघाच्या त्या भागातल्या स्काउटकडे?