मदत हवी आहे: रील्समधलं डोपामिन आणि बाबांच्या गोळीतलं, एकच का?

बालाघाटी: नमस्कार मंडळी. वडिलांना कंपवात (पार्किन्सन्स) निघालाय. हात थरथरायचाच, पण घरात ध्यानात आलं ते सहीमुळं. पहिली दोन अक्षरं नीट, पुढं बारीक होत होत मुंगीएवढी. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतंय. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी लावली.

इकडं पुतण्या लातूरला नीटच्या क्लासला. तो म्हणतो रील्सनं डोपामिन वाढतं, म्हणून मोबाईल पेटीत टाकून 'डोपामिन डिटॉक्स' करायलाय. आता आई विचारतीय, मग ह्यांनाच रील्स दाखवल्या तर? हसू नका, मलाही उत्तर सुचलं नाही.

अजून एक. शेजारी खाजकुयलीचं चूर्ण द्या म्हणायलेत. द्यावं का? आणि दुपारची गोळी कधी कधी लागूच का पडत नाही?

गोदाकाठ: रसायन एकच, कामाच्या जागा वेगळ्या. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग असतो. हालचालीसाठी लागणारं डोपामिन तिथल्या पेशी बनवतात, आणि ह्या आजारात त्याच मरत जातात. पेशीच नाहीत तिथं रील्स काय करणार? पुतण्या म्हणतो ते शेजारच्या पेशींचं काम: काहीतरी मिळेल ही ओढ लावणं. मोबाईल दूर ठेवला ते बरंच केलं, पण त्यानं डोपामिन काही 'साफ' होत नाही.

डोपामिन थेट दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथं त्याचं डोपामिन होतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिननं निपचित पडलेले ससे लेव्होडोपा देऊन हिंडते केले. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलंच औषध, ते मेंदूतलं डोपामिन घटवतं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

औषधवाली ताई: दादा, खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, म्हणूनच गोळीवर परस्पर देऊ नका. डोस किती झाला कळणार नाही. गोळी एकदम बंदही करायची नाही. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड कुणी लिहून दिलं तर आजार आधी सांगा, ते डोपामिनलाच अडवतं.

दुपारची गोळी जेवणावर घेतात का? डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आतड्यात लेव्होडोपाची वाट अडवतात.

बालाघाटी: हो ताई, वरण-भाकरी झाली की लगेच. आता अर्धा तास आधी दिली तर चालेल का, डॉक्टरांना फोन करून विचारतो.