मदत हवी आहे: घाटात काळा धूर आणि सुस्स आवाज, टर्बो गेला की हवा गळतेय?

गाडी १.३ लिटर टर्बो डिझेल, १,१०,००० किमी. फोंड्यात, पणजीत काही जाणवत नाही. चोर्ला घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या वर पाय दाबताच मागे काळा धूर, गाडी ओढत नाही आणि बॉनेटखालून 'सुस्स' ऐकू येतं. स्कॅनरवर पी०२९९ हा एरर कोड. एअर फिल्टर नवा, ऑइल-कूलंट कमी होत नाही. गॅरेजमध्ये टर्बो बदला म्हणतात. त्याआधी काय तपासून घ्यावं?

प्रतिसाद १

टर्बोला इतक्यात हात लावू देऊ नका. टर्बोचं सील गेलं असतं तर धूर निळसर आला असता आणि डिपस्टिकवर पातळी उतरली असती. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पी०२९९ एवढंच सांगतो की पाहिजे तेवढा बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) मिळत नाही.

एअर फ्लो सेन्सर फिल्टरजवळ असतो. तिथे मोजलेल्या हवेचा हिशोब धरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल सोडतो. तीच हवा पुढे होजमधून (रबरी नळीतून) निसटली की डिझेल जास्त पडतं. सपाटीवर बूस्ट कमी लागतो म्हणून गळती लपते, चढावर उघडी पडते.

टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि इंटरकूलर ते इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटणारा भाग), दोन्ही होज खालच्या बाजूने हात फिरवून बघा. वाकणापाशी ब्रॅकेटला घासून चीर पडते, ती थंडपणी मिटलेली असते. होज पिळला तरच दिसते. आत तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. बाहेरून जॉइंटवर ओला काळा डाग आणि त्यावर आपली तांबडी धूळ चिकटलेली दिसली, तर बहुतेक गळती तिथेच.

प्रतिसाद २

नुसत्या नजरेवर भागत नाही, प्रेशर टेस्ट कराच. इंजिन थंड आणि बंद. टर्बोच्या इनलेटला मापाची पीव्हीसी एंड कॅप, तिच्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, वरून क्लिप. कॅप फिल्टरच्या बाजूला बसवणार असाल तर क्रँककेस ब्रीदरची (इंजिनच्या तळातली वाफ बाहेर नेणारी) नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील ढकलते. व्हॉल्व्हमधून हवा भरा, आधी ०.५ बार, मग फार तर १ बार. कॅप उडू शकते, तिच्यासमोर तोंड नेऊ नका. प्रत्येक जॉइंटवर आणि इंटरकूलरच्या कडेला साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे गळती. ऑइल फिलरमधून थोडी हवा आली तर ती पिस्टन रिंगवरून जाणारी, ती मोजू नका.

इनलेट उघडलाच आहे तर टर्बोचा शाफ्टही हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे हलत असेल किंवा पंखा घराला घासत असेल, तरच टर्बोचं बोला.

प्रतिसाद ३

प्रेशर टिकलं तर ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकलाय का बघा, त्यानेही असाच काळा धूर येतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचं (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) रीडिंग घ्या: पणजीच्या पातळीला १०० किलोपास्कलच्या आसपास हवं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या गॅस्केटपाशी काजळी आणि थंड इंजिनला टिकटिक असेल तर गळती एक्झॉस्टच्या बाजूची.

चिरलेल्या होजला टेप टिकत नाही, नवाच घाला. बसवताना आतलं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर बूस्टमध्ये होज निसटतो. किनाऱ्यावर साध्या क्लिपा गंजतात, स्टेनलेस घ्या.

धागाकर्ता

आभारी आहे. रविवारी टेस्ट करतो. तोवर रोज फोंडा-पणजी चालवली तर चालेल?

प्रतिसाद २

हलक्या पायाने चालेल, घाट नको. बूस्ट भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि धडधाकट टर्बोही त्यात जातो. बीएस६ गाडी असेल तर डीपीएफही (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर काजळीने भरेल, मग रविवारपर्यंतही थांबू नका.